‘कनेक्ट होत नाही’ ही तक्रार आम्ही दाखल करून घेत नाही

गेल्या श्रावणात खानापूर तालुक्यातील एक तरुण गुरुजी आमच्या कचेरीत आले. त्यांच्या गावच्या मराठी शाळेचे छप्पर गळून जुनी दाखल-खारीज रजिस्टरे भिजली होती. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने गुरुजींनी ती उघडून वाळत घातली आणि पानन् पान आपल्या मोबाइलवर टिपले. सहाशेंहून अधिक छायाचित्रे झाली. पुढच्या आठवड्यात पाऊस पुन्हा कोसळला आणि रजिस्टरांची पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. गावातील तीन पिढ्यांची नावे, जन्मतारखा आणि ‘मातृभाषा’ या रकान्यातील नोंदी आता केवळ त्या फोनमध्ये उरल्या होत्या. आणि फोन असा की दिवसातून दोनदा आपणहून डोळे मिटणारा.

गुरुजींच्या घरी लिनक्सवर चालणारा संगणक आहे. त्यांनी फोन जोडला, काही घडले नाही. ते संगणक घेऊन शहरातील एका दुकानात गेले. दुकानदाराने यंत्राकडे न पाहता निकाल दिला : “लिनक्सला मोबाइल कनेक्ट होत नाही. विंडोज टाकून घ्या. नाहीतर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, काम झालं.” गुरुजी आमच्याकडे आले ते संगणकासाठी नव्हे, त्या नोंदींचा पुरावा म्हणून उपयोग होईल का हे विचारायला. जाता जाता म्हणाले, “पण वकीलसाहेब, ते फोटो बाहेरच निघत नाहीत. कनेक्टच होत नाही.”

या एका वाक्याविरुद्ध आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ज्या वादपत्रातून दाव्याचे कारण दिसत नाही, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ अन्वये फेटाळले जाते. “प्रतिवादीने माझे वाईट केले” एवढे लिहून भागत नाही. केव्हा, कोठे, काय केले हे सांगावे लागते. ‘कनेक्ट होत नाही’ हे विधान त्याच जातीचे मोघम वादपत्र आहे. ते ऐकून कोणत्याही जाणत्या माणसाला एक पाऊलही पुढे टाकता येत नाही, आणि अजाणत्या माणसाला मात्र ‘विंडोज टाका’ असा सरसकट हुकूम सोडता येतो.

आमचा रोख इंग्रजी शब्दावर नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. फोन, केबल, चार्जर हे शब्द मराठीत मुरले आहेत. त्यांना हुसकावण्याचा उद्योग आम्ही करीत नाही. यूएसबीला ‘वैश्विक क्रमिक बस’ म्हणणाऱ्या हौशी मंडळींनाही आमचा नमस्कार, कारण बस म्हटले की आमच्या वाचकाला स्थानकावर उभी असलेली गाडी आठवते. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आमच्या कपाटात आहेत आणि आम्ही ते आदराने चाळतो. पण कोशातील शब्द सुटा असतो, आणि माणसाची अडचण वाक्यात असते. आमची तक्रार ही, की ‘कनेक्ट होणे’ या एका क्रियापदाने मराठीतील पाच सहा कामाची क्रियापदे गिळून टाकली आहेत. वीज पोचते का? संगणकाला फोन दिसतो का? फोन संमती देतो का? साठा उघडतो का? फाइल उतरते का? उतरलेली फाइल मुळाबरहुकूम आहे का? हे सहा वेगळे प्रश्न आहेत, त्यांची सहा वेगळी उत्तरे आहेत. ज्याने नेमके क्रियापद निवडले, त्याने निम्मा उपाय शोधला.

आता क्रमाने पाहू.

फोन चार्ज होतो म्हणजे केबल ठीक आहे, असे बहुतेक जण गृहीत धरतात. हे गृहीतक चूक आहे. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्त केबलींमध्ये, विशेषतः दिव्याबरोबर किंवा छोट्या पंख्याबरोबर फुकट आलेल्यांमध्ये, माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने फोन रात्रभर चार्ज होईल आणि संगणकाला त्याची गंधवार्ताही लागणार नाही. असल्या केबलवर ‘ही केवळ विजेची आहे’ असे कोणी छापत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली यात काही करता येईल का, हा विचार आमच्या मनात येऊन गेला आहे. तो तूर्त बाजूला ठेवतो.

खातरजमा कशी करावी? लिनक्समध्ये टर्मिनल उघडून एलएसयूएसबी ही आज्ञा द्यावी. आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात, हे खरे. ही पाचही अक्षरे लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायची. जोडलेल्या उपकरणांची यादी समोर येते. फोन काढून एकदा यादी घ्यावी, फोन लावून पुन्हा घ्यावी. दुसऱ्या यादीत एक ओळ वाढली असेल तर संगणकाला फोन दिसला. त्या ओळीत उत्पादकाचा क्रमांक असतो : गूगलचा १८डी१, सॅमसंगचा ०४ई८. ओळ वाढली नसेल तर पुढचे सारे उपाय व्यर्थ आहेत. सॉफ्टवेअरला हात लावू नये, विंडोज तर दूरच. केबल बदलावी. संगणकाच्या पुढच्या बाजूचे भोक सोडून मागच्या बाजूला, थेट मुख्य पट्ट्यावर असलेल्या भोकात लावून पाहावे; मध्ये हब असेल तर काढावा. आणि फोनच्या भोकात खिशातला कापूस साचलेला असतो, तो फोन बंद करून लाकडी दातकोरणीने अलगद काढावा. हसू नका, आमच्या कचेरीतील दोन फोन याच उपायाने बरे झाले आहेत.

याहून बोलका साक्षीदार म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची रोजनिशी. डीमेसेज ही आज्ञा सूडोसह, शेवटी एक आडवी रेघ आणि डब्ल्यू हे अक्षर जोडून दिली, की ही रोजनिशी डोळ्यांसमोर धावू लागते. मग फोन लावावा. नवे उपकरण सापडले, त्याला अमुक क्रमांक दिला, अशी नोंद पडली तर उत्तम. ‘उपकरणाचे वर्णन वाचता आले नाही, त्रुटी उणे ७१’ अशा अर्थाची नोंद पडली, तर दोन्ही बाजूंत बोलणे सुरू झाले पण शब्द तुटत आहेत. हा दोष बहुधा केबलचा किंवा भोकाचा असतो. उणे ११० म्हणजे प्रश्न विचारला आणि वाट पाहून वेळ संपली. विंडोजही हेच दोष भोगते. फरक एवढाच, की लिनक्स आपली रोजनिशी कोणालाही वाचू देते. ज्या दुकानदाराला ही रोजनिशी वाचता येत नाही, त्याने यंत्राला मुके म्हणू नये.

गुरुजींच्या बाबतीत ओळ वाढली नाही. केबल बदलली, वाढली. दुकानातही त्यांनी तीच जुनी केबल नेली होती, आणि दुकानदाराने ती बदलून पाहिली नव्हती.

ओळ वाढली तरी साठा उघडेना. येथे गुरुजींचा धीर सुटला आणि आमचा विषय खरा सुरू झाला.

अँड्रॉइडच्या आरंभकाळात फोन संगणकाला लावला की तो पेनड्राइव्हसारखा दिसत असे. फोन आपले कार्ड जणू काढून संगणकाच्या हाती देई. पण एकाच साठ्यावर दोन यंत्रे एकाच वेळी लिहू लागली तर साठा नासतो, म्हणून तेवढा वेळ फोनला स्वतःचे कार्ड वापरता येत नसे. कार्डावर ठेवलेली गाणी, चित्रे, कधी ॲपसुद्धा फोनला पारखी होत. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ३.० पासून ही रीत मागे पडू लागली आणि एमटीपी नावाची नवी रीत आली. ही मुळात मायक्रोसॉफ्टची. कॅमेऱ्यांसाठी असलेल्या पीटीपी या जुन्या रीतीवर बेतलेली, आणि २००८ साली यूएसबीच्या मानकांत स्वीकारली गेलेली.

दोन्हींतला भेद वकिलाला चटकन कळावा. जुनी रीत म्हणजे अभिलेख कक्षाची किल्लीच पक्षकाराच्या हाती देणे. नवी रीत म्हणजे नक्कल विभाग. आपण खिडकीवर अर्ज करायचा, कारकून आत जाणार, कागद शोधणार, नक्कल काढून देणार. मूळ दप्तर त्याच्या ताब्यातच राहते. म्हणून फोन बंद कुलपात असेल तर कारकून जागेवर नसतो. म्हणून एका वेळी एकच काम चालते. म्हणून हजारो छायाचित्रांची घडी उघडताना खिडकी कितीतरी वेळ रिकामी दिसते आणि अधीर पक्षकार “येथे काहीच नाही” असे म्हणत परत जातो.

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून तर फोन संगणकाला लावला की आपणहून केवळ चार्जिंगच करतो. साठा उघडायचा तर मालकाने पडदा उघडून, वरून सूचनांचा पडदा खाली ओढून, यूएसबीची सूचना दाबून ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा लागतो. लोक याला अडथळा समजतात. आमच्या मते ही फोनने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. रेल्वे स्थानकावर कोणत्याही भोकात फोन खुपसणाऱ्या आपल्या देशात, मालकाच्या संमतीवाचून साठा न उघडणारा फोन आपला मित्र आहे. आयफोनची रीत निराळी, पण तत्त्व तेच : ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असे तो विचारतो, आणि होकार दिल्यावर यूएसबीमक्सडी व लिबआयमोबाइलडिव्हाइस ही लिनक्सची अवजारे काम करू लागतात. आयफोनचे एवढेच.

म्हणजे ‘लिनक्सला फोन चालत नाही’ असे जेथे म्हटले जाते, तेथे अनेकदा फोन मालकाच्या होकाराची वाट पाहत असतो आणि मालक संगणकाकडे पाहत असतो. प्रश्न फोनच्या पडद्यावर विचारला गेला, उत्तर कोणी दिले नाही, आणि निकाल लिनक्सविरुद्ध एकतर्फी लागला.

संमती दिल्यावरही साठा उघडला नाही तर दोन शक्यता उरतात. एक, फोनशी बोलणारा दुभाषाच संगणकात नाही. ग्नोमच्या पडद्यावर हे काम जीव्हीएफएस करते; डेबियन वा उबंटूमध्ये त्यासाठीचे पॅकेज जीव्हीएफएस-बॅकएंड्स या नावाचे आहे, आणि काटकसरीने केलेल्या मांडणीत ते राहून जाते. केडीईमध्ये हे काम केआयओ-एक्स्ट्राजकडे आहे. या दुभाष्यांच्या तळाशी लिबएमटीपी हे ग्रंथालय असते. फोन अगदी नवा आणि संगणकावरचे लिनक्स जुने असेल तर हे ग्रंथालय अद्ययावत करून पाहावे.

दुसरी शक्यता उलटी : दुभाषे दोन झाले. संगणकाने फोन दिसताच आपणहून त्याचा ताबा घेतला आणि नंतर आपण छायाचित्रे उतरवणारा दुसरा कार्यक्रम सुरू केला. एमटीपीची खिडकी एकच. दुसऱ्याला ‘उपकरण व्यस्त आहे’ असे उत्तर मिळते. एकाच मालमत्तेवर दोन दावेदार उभे राहिले तर कलम ८८ खालचा अंतराभिवादी दावा लावता येतो. येथे एवढे करावे लागत नाही. फाइलींच्या खिडकीत फोनच्या नावापुढचे बाहेर काढण्याचे चिन्ह दाबावे, मग दुसरा कार्यक्रम उघडावा. किंवा दुसरा कार्यक्रम उघडूच नये, जे आम्ही करतो.

अधिकाराचा प्रश्न क्वचित येतो. एमटीपी-डिटेक्ट ही आज्ञा साध्या वापरकर्त्याने दिली तर फोन नाकारतो आणि सूडोने दिली तर बोलतो, असे झाले तर फोन व केबल दोन्ही निर्दोष आहेत; दोष यूडेव्हच्या नियमांत आहे, जे कोणत्या उपकरणाला कोणी हात लावावा हे ठरवतात. लिबएमटीपीबरोबर हे नियम येतात. ते नीट बसवून फोन काढून पुन्हा लावावा. रोजचा व्यवहार मात्र सूडोने करण्याची सवय लावून घेऊ नये. मुखत्यारपत्र सही करून गल्लीत ठेवण्यासारखे ते आहे.

आता ज्यासाठी हा लेख या जागी शोभतो, तो मुद्दा. फाइली उतरू लागल्या, आणि काही उतरल्या नाहीत. गुरुजींनी सगळी छायाचित्रे संगणकावर घेतली, त्यांना शिस्तीने मराठी नावे दिली, आणि एक प्रत मेमरी कार्डावर परत ठेवू लागले. कार्डाने काही फाइली नाकारल्या. “पाहा, मराठी नावे चालत नाहीत,” असे त्यांच्या सहकाऱ्याने लगेच म्हटले. हे वाक्य आम्ही न्यायालयात, बँकेत, विद्यापीठात इतक्या वेळा ऐकले आहे की आता राग येण्याऐवजी कुतूहल वाटते. आम्ही नाकारलेली नावे पाहिली. एकाचा आरंभ ‘स्वत:चे टिपण’ असा होता, दुसऱ्यात ‘मुख्यत:’ होते, तिसऱ्यात ‘प्रात:कालीन वर्ग’.

वाचकांनी हे शब्द पुन्हा नीट पाहावेत. यांत विसर्ग नाही, कोलन आहे. विसर्गाची कळ कोठे आहे हे ठाऊक नसल्याने, किंवा दोन टिंबे ती दोन टिंबेच असे मानून, आपण सर्रास कोलन टंकतो. डोळ्याला फरक जाणवत नाही. पण विसर्ग हे युनिकोडमधील देवनागरीचे अक्षरचिन्ह आहे आणि कोलन हे विरामचिन्ह. लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ रचनेत नावात कोलन चालतो, म्हणून संगणकाने हरकत घेतली नाही. मेमरी कार्डांवर बहुधा फॅट किंवा एक्सफॅट रचना असते. तेथे कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन, अवतरणचिन्ह यांना नावात मज्जाव आहे. म्हणजे कार्डाने मराठी नाकारली नाही. त्याने अशुद्ध मराठी नाकारली. आम्ही कोलनच्या जागी खरा विसर्ग घातला आणि तिन्ही फाइली मुकाट्याने कार्डावर गेल्या. शुद्धलेखनाला पोरकट खूळ समजणाऱ्या मंडळींना हा दाखला आम्ही सादर अर्पण करतो. आमच्या जुन्या लेखांत आम्हीही ‘वस्तुत:’ असेच टंकले आहे, हे कबूल करतो. ते दुरुस्त करण्याचे काम चालू आहे.

दुसरी मर्यादा लांबीची आहे, आणि ती मात्र खरोखर आपल्याला अधिक जाचते. ईएक्सटी४ रचनेत फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे २५५ भागिले ३, अवघी ८५ चिन्हे. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. ‘क्षेत्र’ हा आपल्या दृष्टीने दोन अक्षरांचा शब्द. संगणकाच्या हिशेबी क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशी सात चिन्हे, एकवीस बाइट. फाइलच्या नावातच सारा मथळा लिहिण्याची आम्हां वकिलांची खोड येथे अडते, आणि ‘नाव फार लांब आहे’ असे उत्तर येते. फोनवरचे नाव एमटीपीतून येताना वेगळ्या मोजणीने येते, म्हणून तिकडे राहिलेले नाव इकडे मावत नाही असेही होऊ शकते. येथे लिपीवर थोडा अन्याय आहे असे आम्ही म्हणू. पण उपाय रोमनला शरण जाणे हा नाही, नाव आखूड करणे हा आहे. ‘खानापूर रजिस्टर १९५८ पान ०१४’ एवढे पुरते. सविस्तर मथळा शेजारच्या यादीत लिहावा.

आता ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ या सल्ल्याकडे वळू, कारण हा सल्ला आमच्या व्यवसायबंधूंकडूनही दिला जातो आणि तेथे तो अक्षम्य आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते आणि त्यात कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती, केव्हा टिपले, कोणत्या यंत्राने, कोठे, हे काढून टाकले जाते. जे पोचते ते मूळ चित्राची नक्कलही नसते. ते त्याचे पुनर्लेखन असते. पुसट शाईतला जोडाक्षराचा फाटा, ज्यावरून आडनाव ठरते, तो याच दाबण्यात जातो. कागदपत्र म्हणून पाठवले तर फाइल जशीच्या तशी जाते, हे आम्ही मान्य करतो. पण सहाशे चित्रे तशी पाठवणारा माणूस आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

कायदा काय म्हणतो? अन्वर विरुद्ध बशीर या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसाठी पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खालचे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली ते पुन्हा दृढ केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्या जागी आले आहे, आणि त्याच्या अनुसूचीतील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे आहे. ते कोणत्या पद्धतीने काढले, एसएचए२५६ की अन्य, हेही. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेल्या चित्राचा ठसा फोनमधल्या मूळ चित्राशी जुळूच शकत नाही. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने हा एकच प्रश्न विचारला तर साक्षीदार काय सांगणार?

केबलने उतरवलेली फाइल मात्र बिटाबिटाने तीच असते. लिनक्समध्ये एसएचए२५६सम ही आज्ञा आधीच हजर असते. घडीतील सगळ्या फाइलींचे ठसे एका दमात काढून यादी छापता येते. येथे आमची एक सूचना. एमटीपीने उतरवताना फाइलची बाहेरची तारीख कधी कधी उतरवल्याच्या दिवसाची पडते. चित्राच्या पोटातील तारीख शाबूत असते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही; पण बाहेरची तारीखही जपायची असेल तर एडीबी हे अवजार वापरावे. त्यासाठी फोनच्या माहितीत बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारून विकासकांचे पर्याय उघडावे लागतात, यूएसबी डीबगिंग चालू करावे लागते आणि फोनवर पुन्हा एकदा संमती द्यावी लागते. मग ‘पुल’ या आज्ञेला आडवी रेघ व ए जोडून घडी ओढली की तारखाही सोबत येतात. काम झाल्यावर डीबगिंग न विसरता बंद करावे. हे प्रत्येकाला करावे लागेल असे नाही. ज्याचा कागद न्यायालयात जाणार आहे त्याने करावे.

आणि ज्यांना अजूनही वाटते की लिनक्स हे आमच्यासारख्या हट्टी लोकांचे खेळणे आहे, त्यांनी आपल्याच जिल्हा न्यायालयात डोकावावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी उबंटू लिनक्स निवडले. खटल्यांच्या नोंदीची प्रणाली पुण्याच्या एनआयसीने त्यावर चालेल अशी घडवली. तुमच्या दाव्याची पुढची तारीख ज्या यंत्रात पडते ते यंत्र लिनक्सचे असण्याचा संभव मोठा आहे. बाहेर येऊन मात्र त्याच वकिलाने म्हणावे की लिनक्सवर कामाचे काही होत नाही!

आमच्या बाजूच्या उणिवाही सांगतो, नाहीतर ही एकतर्फी कैफियत होईल. एमटीपी संथ आहे आणि मध्येच अडकते; अडकली तर केबल काढून पुन्हा लावण्यावाचून दुसरा मार्ग आम्हांला सापडलेला नाही. म्हणून मोठी घडी शंभर-दीडशेच्या तुकड्यांनी उतरवावी. लिनक्सच्या पडद्याचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी कष्टाने केले आहे, पण त्रुटीचा संदेश शोधताना तो इंग्रजीतून घेतलेला बरा, कारण उत्तरे त्याच शब्दांनी सापडतात. आम्हीही तसेच करतो आणि त्यात आम्हांला लाज वाटत नाही. लाज याची वाटते, की सापडलेले उत्तर चार ओळींच्या मराठीत लिहून ठेवायला आपल्यापैकी कोणी बसत नाही. पाट्यांवरच्या मराठीसाठी रस्त्यावर उतरणारे आम्ही, घरातल्या यंत्राबद्दल मराठीत धड तक्रारही करू शकत नाही, आणि तक्रार करता येत नाही म्हणून दुकानदार सांगेल ते ऐकतो. त्या दिवशी गुरुजींनी विंडोज टाकून घेतले असते तर दोष केबलचा असल्याने फोन तरीही दिसला नसता, आणि संगणकावरचे पूर्वीचे दप्तर वर पुसले गेले असते.

गुरुजींची छायाचित्रे साडेतीन तासांत, पाच तुकड्यांनी उतरली. पहिल्या तुकडीनंतर फोन एकदा बंद पडला. ठशांची यादी बारा पानांची झाली. तिची एक छापील प्रत आमच्याकडे आहे, एक शाळेत. १९६३ च्या रजिस्टरातील दोन पाने मुळातच हलली आहेत, ती वाचता येत नाहीत.

आमच्या कचेरीत अशा कामासाठी दर शनिवारी दुपारी चारनंतर एक लिनक्सचा संगणक मोकळा असतो. सीमाभागातील ज्या शाळांची, वाचनालयांची, देवस्थानांची जुनी दप्तरे कोणाच्या फोनमध्ये अडकली असतील त्यांनी यावे. येताना फोन चार्ज केलेला असावा, त्याची आकडी खूण मालकाला आठवत असावी, आणि घरात असतील तेवढ्या सगळ्या केबली आणाव्यात. दारात आम्ही एकच विचारू : दिसत नाही, उघडत नाही, की उतरत नाही?